इशारा मिळाल्यावर कोणत्या वाडीतली माणसे खाली आली, हे रोजच्या अहवालात सांगा

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सदस्य,
महाराष्ट्र राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, मुंबई
तसेच कोकण आणि घाटमाथ्याच्या जिल्ह्यांचे सर्व जिल्हाधिकारी, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष या नात्याने

विषय: अतिवृष्टीच्या इशाऱ्यानंतर डोंगराखालच्या वस्त्यांसाठी काय केले, याची रोज जाहीर नोंद होण्याबाबत

महोदय, महोदया,

पावसाळा लागला की मंत्रालयातल्या राज्य आपत्कालीन कार्य केंद्राची माहिती रोज बाहेर येते. गेल्या चोवीस तासांत कोणत्या जिल्ह्यात किती मिलिमीटर पाऊस झाला, कोणत्या नदीने इशारा पातळी ओलांडली, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या कुठे तैनात आहेत, वीज पडून, भिंत कोसळून, पुरात वाहून किती माणसे गेली, किती जनावरे दगावली. वर्तमानपत्रात त्याची चौकट येते, ती मी न चुकता वाचते. ही माहिती गोळा करणारे कर्मचारी रात्र रात्र जागतात हे मला ठाऊक आहे, त्यांच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. जे त्यांना कुणी विचारतच नाही, त्याबद्दल माझी तक्रार आहे. काल ज्या जिल्ह्याला लाल इशारा होता, तिथल्या डोंगराखालच्या कोणत्या वाडीला तो कळला? किती वाजता कळला, कुणी सांगितला? आणि रात्रीपुरती तरी किती घरांतली माणसे खाली आली?

मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे. माझी सगळी नोकरी कोकणातल्या डोंगराळ भागात, जिल्हा परिषदेच्या एक-दोन शिक्षकी शाळांत गेली. आजही मी डोंगराच्या पायथ्याशीच राहते. आमच्या गावाच्या वर, चढणीच्या वाटेने गेले की ठाकरवाडी लागते. तिथली मुले माझ्याकडे शिकली, आता त्यांची मुले त्याच शाळेत येतात. पावसाने झोडपायला सुरुवात केली की वाडीतली माणसे आमच्या शाळेत उतरतात, म्हणजे ज्यांना निरोप मिळतो आणि ज्यांना चालवते ती. शाळेची एक चावी अजून माझ्या घरी असते, कारण मुख्याध्यापक तालुक्याच्या गावाहून ये-जा करतात. वर डोंगराखाली निजणाऱ्या प्रत्येक घरातल्या कुणाचा ना कुणाचा हात धरून मी अक्षर गिरवून घेतलेले आहे. म्हणून हे पत्र लिहिते आहे आणि सगळ्यांना वाचता यावे म्हणून उघडपणे लिहिते आहे.

२००५च्या २५ आणि २६ जुलैला महाड तालुक्यात जुई, दासगाव, रोहण, कोंडिवते या गावांवर दरडी आल्या. ३० जुलै २०१४च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातले माळीण गाडले गेले, १५१ माणसे गेली. बाहेरच्या जगाला ते कळले एका एसटी चालकामुळे. तो नेहमीच्या फेरीला आला आणि त्याला गाव दिसेना. २२ जुलै २०२१ला महाड तालुक्यातल्या तळियेत ८०हून अधिक जीव गेले. त्याच पावसात पोलादपूरचे केवनाळे आणि साखर सुतारवाडी, खेडचे पोसरे, पाटणचे आंबेघर, मिरगाव, ढोकावळे. महाडला पुराचा वेढा, रस्ते तुटलेले, फोन बंद. तळियेला मदत पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. आणि १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी. २७ मृतदेह सापडले, ५७ जण सापडलेच नाहीत, शेवटी शोध थांबवावा लागला. वर गाडीरस्ता नव्हता, यंत्रे चढवता आली नाहीत, जवानांनी हाताने माती उपसली. मदतीला निघालेले अग्निशमन दलाचे एक कर्मचारी चढणीवरच मरण पावले.

या प्रत्येक वेळी दरडीच्या आधी पाऊस कोसळत होता. प्रत्येक वेळी महिना जुलै होता आणि महिन्याचा दुसरा पंधरवडा होता. मग दरवर्षी त्या पंधरवड्यात आपण कसली नोंद ठेवतो? पडलेल्या पावसाची आणि गेलेल्या माणसांची. त्या दोहोंच्या मधले जे तास असतात, ज्यांत माणूस वाचू शकतो, त्यांची नोंद कुठेच नाही.

आता एकेक गाऱ्हाणे मांडते.

पहिले पावसाच्या हिशेबाचे. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ असा मोजतात. ६४.५ मिलिमीटरपासून मुसळधार, ११५.६पासून अति मुसळधार, २०४.४च्या वर अत्यंत मुसळधार ही वर्गवारीही याच चोवीस तासांवर आहे. पुराला, शहरातल्या तुंबलेल्या पाण्याला हा हिशेब पुरत असेल. डोंगराला पुरत नाही. आमच्याकडे खाली काळा कातळ आणि त्यावर मुरूम-मातीचा थर. चार-चार दिवस झड लागली की पाणी मुरत मुरत कातळापर्यंत जाते, वरच्या मातीचा आधार सुटतो, आणि मग शेवटच्या काही तासांचा जोर पुरेसा होतो. इर्शाळवाडीच्या परिसरात १७ ते १९ जुलै या तीन दिवसांत ४९९ मिलिमीटर पाऊस झाला, असे सरकारने विधिमंडळात सांगितले. हा तीन दिवसांचा आकडा आम्हाला कळला तो माणसे गेल्यावर. १९ तारखेच्या संध्याकाळी तो कुणी मांडला असता, तर त्या रात्री निदान एखाद्याने वाट चढून वाडीत जायचे ठरवले असते. शिवाय रात्री पडलेला पाऊस सकाळच्या आकड्यात येतो. इर्शाळवाडीला सकाळ झालीच नाही.

बरे, मोजणी होत नाही असेही नाही. महावेध प्रकल्पात महसूल मंडळांमध्ये २,०००हून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे बसवली आहेत. हवामानावर आधारित फळपीक विम्याचे दावे त्यांच्या नोंदींवर ठरतात. फळबागेच्या विम्यासाठी मंडळाचा पाऊस चालतो, तर भात लावणाऱ्यांच्या जिवासाठी तोच पाऊस रोज तीन-तीन दिवसांची बेरीज करून का दाखवला जात नाही? यंत्र नवे नको, माणूस नवा नको, बेरीज फक्त हवी. मंडळाचे केंद्र बहुधा सपाटीवर असते आणि कड्यावरचा पाऊस त्याहून पुष्कळ जास्त, हेही खरे. २०२१च्या त्या २२-२३ जुलैला महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४.४ मिलिमीटर पाऊस झाला. सावित्री तिथेच उगम पावते आणि खाली महाडला येते. वरचा आकडा खालच्यांना त्याच घटकेला कळायला हवा.

दुसरे इशाऱ्याच्या रंगाचे. पुणे, सातारा, कोल्हापूर या जिल्ह्यांना घाट विभागासाठी वेगळा इशारा मिळतो आणि त्याचा उपयोग होतो. घाट उतरून खाली आलात की मात्र अख्ख्या रायगडला एकच रंग. अलिबागच्या समुद्रकाठाला तोच, माथेरानच्या डोंगराखालच्या वाडीलाही तोच. पावसाळ्यात केशरी आणि लाल रंग इतक्या वेळा येतो की माणसे त्याकडे पाहीनाशी होतात. त्यांना दोष देऊन चालणार नाही. ‘जिल्ह्यात तुरळक ठिकाणी अत्यंत मुसळधार’ या वाक्यावरून कुणी शेळ्या सोडून घराबाहेर पडत नाही. ‘तुमच्या डोंगरावर तीन दिवसांत इतका पाऊस झाला आहे, आज रात्री खाली या’ असे सांगितले तर माणूस ऐकतो. ओळखीच्याने सांगितले तर नक्की ऐकतो.

तिसरे इशारा पोचण्याचे. राष्ट्रीय प्राधिकरणाचे आपत्तीच्या इशाऱ्यांचे ‘सचेत’ ॲप आहे, विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ आहे, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे भूस्खलनाचे ॲप आहे. २०२३मध्ये मोबाईलवर मोठ्याने वाजणाऱ्या संदेशांच्या चाचण्याही देशभर झाल्या. हे सगळे चांगले आहे, वाढायला हवे. पण आमच्या वरच्या वाडीत पहिल्या जोराच्या पावसाबरोबर वीज जाते, विजेपाठोपाठ टॉवर, आणि चांगला फोन असतो तो कामाला शहरात गेलेल्या मुलाच्या खिशात. घरी म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या बाया आणि बटणांचा फोन. तालुक्याच्या व्हॉट्सॲप गटावर संदेश पडला की वरच्या कार्यालयाच्या दृष्टीने तो ‘कळवला’ गेलेला असतो. वाडीत कुणी वाचला का, हे कुणी विचारत नाही. शाळांच्या सुट्टीचे तर मी कैकदा पाहिले आहे: आदेश रात्री उशिरा किंवा पहाटे निघायचा आणि मुले ओढा ओलांडून, भिजून शाळेच्या पडवीत उभी राहिल्यावर तो माझ्या हाती यायचा. मग त्याच वाढत्या पाण्यातून त्यांना परत कसे धाडायचे, हा प्रश्न माझ्यावर.

चौथे नोटिशीचे, आणि हे मनाला सर्वांत जास्त लागते. जून आला की तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, वाडीत येऊन घराघराला कागद देतात. ‘आपण दरडप्रवण क्षेत्रात राहत आहात. अतिवृष्टीच्या काळात सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे, अन्यथा होणाऱ्या परिणामांस आपण जबाबदार राहाल’, अशा आशयाचा. खाली सही किंवा अंगठा. मी ते कागद वाचून दाखवले आहेत, कारण वाचून दाखवणारे दुसरे कुणी नव्हते. सुरक्षित स्थळ कोणते, ते त्यात नसते. किती दिवस जायचे, तिथे खायचे काय, गुरे कुठे बांधायची, नेमक्या लावणीच्या दिवसांत आवणात कोण उतरणार, यातले काहीच नसते. ज्या माणसाच्या नावावर दुसरीकडे गुंठाभर जमीन नाही, ज्याची नाचणी-वरी त्याच उतारावर पिकते, त्याच्या हातात जबाबदारीचा कागद देऊन शासनाची जबाबदारी संपते का? आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५चे कलम ३० इशाऱ्याची यंत्रणा उभारण्याचे आणि लोकांपर्यंत माहिती पोचवण्याचे काम जिल्हा प्राधिकरणावर टाकते. वाडीतल्या बाईच्या अंगठ्याने ते काम तिच्याकडे जात नाही.

पाचवे यादीचे. इर्शाळवाडी संभाव्य दरडग्रस्तांच्या यादीत नव्हती, हे सरकारनेच सांगितले. त्यानंतर पाहण्या झाल्या, याद्या वाढल्या. पण आपली वाडी यादीत आहे की नाही, असल्यास कोणत्या वर्गात, नसल्यास का नाही, हे वाडीतल्या माणसाला कुठे वाचायला मिळते? यादी गावात जाहीर वाचली तर लोकही भर घालतील. कुठल्या झऱ्याचे पाणी यंदा गढूळ येते, कुठे जमिनीला भेग पडली, कुठली झाडे कलली, नव्या रस्त्यासाठी डोंगराचा पाय कुठे कापला, हे भूवैज्ञानिक येण्याआधी गुराख्याला ठाऊक असते.

वणव्याचे थोडक्यात सांगते. फेब्रुवारीपासून मेपर्यंत आमचे डोंगर जळतात. भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहावरून आग टिपून नोंदणी केलेल्या फोनवर सूचना पाठवते, ही फार मोलाची सोय आहे. पण गवत-झुडूप जळून उघडा पडलेला उतार जूनच्या पहिल्या सरींत माती धरून ठेवत नाही. उन्हाळ्यात कोणते उतार जळाले याची वन विभागाची नोंद महसुलाच्या दरडीच्या यादीला जोडलेली मला कधी दिसली नाही. दोन्ही कागद एकाच तालुक्यात असतात.

सहावे आसऱ्याचे. आपत्तीत माणूस गेला की वारसांना ४ लाख रुपये मिळतात. इर्शाळवाडीच्या वेळी ५ लाख जाहीर झाले. ते मिळायलाच हवेत. पण माणूस जिवंत असताना त्याला चार रात्री खाली ठेवायचे तर गावाच्या हाती काय असते? आमच्या शाळेत तांदूळ घरोघर फिरून जमतो. बायांसाठी धड संडास नाही, वर्गाच्या एका कोपऱ्यात गळते, कंदील माझ्या घरून जातो. गुरांना छप्पर नाही, म्हणून घरटी एक पुरुष वरच राहतो. दोन रात्री काही झाले नाही की तिसऱ्या रात्री, पाऊस तसाच असताना, माणसे परत चढतात. याला हट्ट म्हणू नका. दोन रात्रींत आपण त्यांना जे दिले, ते पाहून ती परत जातात.

कायमच्या पुनर्वसनावरचा त्यांचा विश्वास का उडाला आहे, तेही सांगते. दासगावची दरडग्रस्त कुटुंबे वर्षानुवर्षे पत्र्याच्या शेडमध्ये राहिली. माळीणचे नवे गाव २०१७मध्ये उभे राहिले आणि पहिल्याच पावसाळ्यात तिथले रस्ते-भराव खचले. इर्शाळवाडीच्या माणसांनी दुर्घटनेनंतरचा पुढचा पावसाळाही कंटेनरमध्ये काढला. हे सगळे वरच्या वाडीत माहीत आहे. बातमी तिथे उशिरा पोचते, पण पोचते.

दुसरीकडे काय होते तेही पाहा. केरळात ३० जुलै २०२४ला वायनाडच्या मुंडक्कै आणि चूरलमला या गावांवर दरड आली. जिल्ह्यात ह्यूम सेंटर या संस्थेने मळ्यांत, शेतांत, घरांच्या आवारात दोनशेहून अधिक पर्जन्यमापक बसवले आहेत, स्थानिक माणसे रोज नोंद कळवतात. त्या नोंदींवरून संस्थेने आदल्या दिवशीच प्रशासनाला धोका कळवला होता. तरी शेकडो माणसे त्या रात्री घरातच होती आणि गेली. मला यात दोन गोष्टी दिसतात. गावातला साधा पर्जन्यमापक आधी सांगू शकतो. आणि सांगितल्यावर काय केले याचा जाब रोजच्या रोज द्यावा लागत नसेल, तर सांगणे वाया जाते. ओडिशात १९९९च्या महाचक्रीवादळात १०,०००च्या आसपास माणसे गेली. २०१३ला फायलिन आले तेव्हा त्याच राज्याने लाखो लोक आधीच हलवले आणि जीवितहानी फार थोडी झाली. तिथे हलवलेल्या माणसांचा आकडा वादळ येण्याआधीच सगळ्या देशाला कळत होता. आमच्या डोंगरांसाठी मला तेच हवे आहे.

राज्य प्राधिकरणाचे अध्यक्ष मुख्यमंत्री असतात, जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांबरोबर जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष असतात. म्हणजे निवडून आलेली आणि नेमलेली, दोन्ही माणसे या कामाला बांधलेली आहेत. आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या २०२५च्या दुरुस्तीने राज्याला आपत्तीचा माहितीसाठा ठेवणे बंधनकारक झाले आहे. तेव्हा माझ्या मागण्या कायद्याबाहेरच्या नाहीत.

रोजच्या राज्य अहवालात, लाल किंवा केशरी इशारा असलेल्या प्रत्येक तालुक्यासाठी हे छापावे: धोक्याच्या वस्त्या किती, त्यांतल्या किती वस्त्यांना प्रत्यक्ष निरोप मिळाला, किती वाजता, किती कुटुंबे हलवली, कुठे ठेवली. निरोप पोचला नसेल तर ‘पोचला नाही’ असे लिहावे. त्यासाठी कुणाला शिक्षा नको. तो शब्द छापला गेला तर दुसऱ्या दिवशी कुणीतरी वाट चढेल.

घाटालगतच्या प्रत्येक महसूल मंडळाचा तीन दिवसांचा एकूण पाऊस दर सहा तासांनी जाहीर व्हावा. कोकणातल्या जिल्ह्यांना समुद्रकाठ आणि घाटपायथा असे दोन वेगळे इशारे मिळावेत, यासाठी राज्याने हवामान खात्याकडे लेखी आग्रह धरावा.

प्रत्येक धोक्याच्या वाडीत वाडीतलाच एक माणूस नेमावा, शक्यतो एक बाई आणि एक पुरुष. आपत्तीत मदत करणाऱ्या स्वयंसेवकांच्या ‘आपदा मित्र’ योजनेत प्रशिक्षण देता येते. त्यांना पर्जन्यमापक, बॅटरीचा भोंगा, वायरलेस संच आणि पावसाळ्याचे चार महिने मानधन द्यावे. फुकटच्या सेवेवर जीव टांगू नयेत.

नोटिशीचा मजकूर बदलावा. निवाऱ्याचे नाव, तिथे पोचवणाऱ्याचे नाव आणि फोन, गुरांची सोय, शिधा किती दिवसांचा, हे लिहिल्याशिवाय एकाही माणसाचा अंगठा घेऊ नये. निवारा म्हणून ठरवलेल्या प्रत्येक शाळेचे छप्पर, संडास, पाणी आणि उजेड ३१ मेपूर्वी पाहून घ्यावा, आणि शिध्याचा पैसा आधीच ग्रामपंचायतीकडे द्यावा.

दरडप्रवण वस्त्यांची यादी, त्या वर्षी जळालेल्या उतारांसह, १ मेच्या ग्रामसभेत वाचावी आणि लोकांच्या हरकती लिहून घ्याव्यात. ज्या वस्त्या कायमच्या हलवायच्या ठरल्या आहेत, त्यांची जागा, रक्कम आणि मुदत त्याच सभेत सांगावी. जागा ठरवताना वाडीतल्या माणसांची शेती आणि जंगल किती लांब पडते, हे त्यांनाच विचारावे.

यातले काय मान्य आहे, काय नाही आणि का नाही, ते ग्रामसभेपूर्वी जाहीर करावे. सभेला वाडीतली माणसे डोंगर उतरून येतील आणि मला विचारतील. त्यांना वाचून दाखवायला माझ्याजवळ आपले लेखी उत्तर असावे, एवढी विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
सह्याद्रीच्या पायथ्याचे एक गाव, कोकण

प्रत माहितीसाठी: राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, नवी दिल्ली